कुंडी वर उचला, आईला खाली वाकवू नका

वय झालेले आई-वडील बागकाम सोडतात ते आवड संपली म्हणून क्वचितच. उकिडवं बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही, पाण्याची बादली उचलवत नाही, म्हणून सोडतात. मग घरातलं कोणीतरी मायेनं म्हणतं, "आई, तू नुसती बस गं, मी करते." माझं मत स्पष्ट आहे: ही माया चुकीच्या जागी खर्च होते. खुर्चीत बसून दुसऱ्याच्या हातानं लावलेली झाडं बघणं म्हणजे बाग करणं नव्हे. बदलायचं असेल तर कुंडीची उंची बदला, तिचं वजन बदला, झाडांची निवड बदला. खुडणं, कापणं, पेरणं आणि मुख्य म्हणजे ठरवणं हे सगळं त्यांच्याकडेच राहू द्या.

उंचीपासून सुरुवात करू, कारण निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. बसून काम करणाऱ्या माणसाला कुंडीची कड कोपराच्या पातळीला हवी, म्हणजे जमिनीपासून साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर. कुंडी २५ सेंटिमीटर उंच असेल तर खालचा स्टँड ४० ते ४५ सेंटिमीटरचा झाला. उभं राहून काम करणार असतील तर कड ८५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. महागडा स्टँड लागत नाही. सिमेंटचे ब्लॉक भिंतीलगत दोन ठिकाणी रचायचे, वर कडप्प्याची फरशी टाकायची, झालं. फक्त फरशी हलत नाही ना हे स्वतः जोर देऊन तपासा, कारण आई उठताना आधारासाठी तिलाच धरणार आहे. फरशी भिंतीपासून ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे नको. मागच्या रांगेतल्या कुंडीसाठी हात ताणावा लागला की तोल जातो. गॅलरीत हे सगळं भिंतीकडच्या बाजूला ठेवा, कठड्याकडे नको. बाहेर आलेल्या गॅलरीच्या टोकाला वजन वाढवणं वाईट, आणि कठड्यापाशी वाकणं त्याहून वाईट.

खुर्ची हातांची हवी आणि टेकवलेले पाय जमिनीला पूर्ण लागायला हवेत. बिनहाताचं प्लॅस्टिकचं स्टूल बागेतून काढून टाका.

वजनाचा हिशेब बहुतेक घरांत कोणी करतच नाही. साध्या मातीनं भरलेली, पाणी घातलेली १२ इंची कुंडी वीस किलोच्या आसपास जाते. सत्तरीच्या माणसानं ती उन्हात सरकवावी अशी अपेक्षा ठेवणंच चूक. ८ आणि १० इंची कुंड्या घ्या, आणि मिश्रण हलकं करा: एक घमेलं लाल माती, एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. काळी माती कुंडीत नको. पाणी घातलं की तिचा चिखल होतो, वाळली की भेगा पडतात, आणि मुळांना हवा मिळत नाही. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पिळून ते पाणी फेकून द्या आणि हे दोनदा करा, नाहीतर त्यातल्या क्षारांनी पानांची टोकं करपतात. शेणखत कच्चं असेल तर मुळं भाजतात आणि मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या सोबत येतात. हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार झालेलं नाही.

मिश्रण कालवायचं काम आई-बाबांना जरूर द्या, पण टेबलावर ठेवलेल्या परातीत आणि हातमोजे घालून. वयानं त्वचा पातळ झालेली असते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर लहानसा ओरखडाही बराच वेळ वाहतो. मधुमेह असेल तर बागेत अनवाणी पाय नकोतच, आणि हाताला जखम असताना मातीत हात घालायचा नाही. याच कारणासाठी गुलाब मी पहिल्या यादीतून काढते. हट्टच असेल तर कमी काट्यांची जात आणा आणि छाटणी तुम्ही करा. गुलाबाच्या बाबतीत तेवढी एक सवलत मान्य.

आता झाडं. निवड करताना नर्सरीतलं सगळ्यात देखणं रोप बघू नका, आईच्या बोटांना आणि डोळ्यांना काय जमतं ते बघा. बोटं थरथरत असतील तर पिटुनियाचं धुळीसारखं बारीक बी पेरायला देणं म्हणजे तिला नाउमेद करणं. झेंडूचं बी लांबट, काडीसारखं, चिमटीत येणारं. गोकर्णाचं बी वाटाण्यापेक्षा जरा लहान, पण बोटांना जाणवणारं. ते रात्रभर पाण्यात भिजवून अर्धा इंच खोल पेरलं की आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं. तेरडा तर पाऊस सुरू झाला की पेरायचा, भाद्रपदातल्या गौरींपर्यंत फुलतो. कोकणात तेरड्याची गौर आणणाऱ्या घरांना हे सांगायला नको. ऑफिस टाइमला, म्हणजे पोर्चुलाकाला, बी लागतच नाही. बोटभर काडी मातीत खोचली की झाड तयार, आणि ज्या आजोबांना कुठलंही काम पाच मिनिटांपलीकडे झेपत नाही त्यांनाही ते जमतं.

डोळ्यांचं म्हणाल तर वयानं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा-जांभळा रंग फिका दिसू लागतो. मोतीबिंदू असेल तर अधिकच. त्यामुळे निळ्या गोकर्णापेक्षा केशरी झेंडू, पिवळी शेवंती, लाल जास्वंद आणि गडद पानांवरची पांढरी तगर लांबून ठळक दिसतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत मातीकाम बंद, आणि यात तडजोड नाही.

झेंडूबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण वर्षाचा सगळ्यात मोठा आनंद तो देतो. दसऱ्याचं तोरण घरच्या फुलांचं व्हावं असं वाटत असेल तर दसऱ्याच्या तारखेपासून ७० ते ७५ दिवस मागे मोजा आणि त्या दिवशी बी पेरा. दसरा दरवर्षी पुढे-मागे होतो, म्हणून "जुलैत पेरा" एवढं सांगणं पुरत नाही. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. चार-सहा दिवसांत उगवतं, तीन ते चार आठवड्यांत चार-पाच पानांचं रोप कुंडीत हलवायचं. १० इंची कुंडीत एकच रोप, दोन लावायचा मोह टाळा. पुन्हा दहा-बारा दिवसांनी शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूचे फुटवे येतात आणि एका फुलाऐवजी पुष्कळ फुलं मिळतात. हे शेंडा खुडणं खास आईचं काम: नखानं होतं, कात्री लागत नाही, जोर लागत नाही आणि चुकलं तरी झाड मरत नाही. मागच्या वर्षीच्या तोरणातल्या सुक्या फुलांचं बी पेरायची पद्धत घरोघरी आहे. ते उगवतं, पण बाजारातला झेंडू बहुधा संकरित असतो, त्यामुळे फुलं लहान, एकेरी निघू शकतात. तोरणासाठी पाकिटातलं बी घ्या, आणि घरचं बी वेगळ्या कुंडीत लावा, कारण आईला ते लावायचंच असतं आणि लावू द्यावं.

शेवंती न फुलण्याचं एक कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. तिला कळ्या धरायला लांब, अंधाऱ्या रात्री लागतात. वयस्कर माणूस रात्री पडू नये म्हणून गॅलरीतला दिवा रात्रभर चालू ठेवलेला असतो, आणि मग नोव्हेंबर उलटला तरी शेवंतीला कळी नाही. खत घालून उपयोग होत नाही. दिवा चालूच ठेवा आणि कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा.

मोगऱ्याच्या छाटणीवरून घराघरांत वाद होतात. जुन्या मंडळींना हिरवी फांदी कापवत नाही. त्यांना एवढंच दाखवा की मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं, जुन्या फांदीवर नाही. डिसेंबरात पाणी कमी करायचं, जानेवारीच्या शेवटी फूट-दीड फूट उंची ठेवून छाटायचं, उरलेली पानं काढायची, खत घालून पुन्हा पाणी चालू. मार्चपासून कळ्या येतात. पाच-सहा तास ऊन नसेल तर मात्र नुसती पानंच वाढतील. कुठली फांदी ठेवायची हे बाबांना ठरवू द्या. एखादी जास्त राहिली तर बिघडत नाही.

अबोलीच्या मुळांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक कृमी, लागतात. झाड सुकत जातं आणि वर काहीच दिसत नाही. निंबोळी पेंड आणि शेजारी झेंडू यांचा त्यावर चांगला उपयोग होतो.

लावू नये अशी झाडंही सांगायला हवीत. पांढरी-लाल कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांचे सगळे भाग विषारी आहेत आणि त्यांचं विष हृदयावर परिणाम करतं. घरात विसरभोळेपणा सुरू झालेला असेल किंवा नातवंडं रांगती असतील तर ही दोन्ही नकोत. गुलबक्षीचं बी काळ्या मिऱ्यासारखं दिसतं आणि तेही विषारी, त्यामुळे सुकवलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नका. सदाफुली लावा, पण साखर कमी होते म्हणून तिची फुलं-पानं चावून खाणारे ज्येष्ठ अनेक घरांत आहेत, त्यांना थांबवा. याच झाडापासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगाची औषधं काढतात. ती अंदाजानं खायची वस्तू नाही.

पाणी हा खरा कसोटीचा विषय आहे. काही आई-वडील दिवसातून तीनदा पाणी घालतात, काही विसरतात. त्यांच्या सवयीवरून रोज वाद घालण्यापेक्षा कुंडी सवयीप्रमाणे निवडा. जास्त पाणी घालणाऱ्यांना मातीची कुंडी द्या, तिच्या अंगातून पाणी उडून जातं. विसरणाऱ्यांना प्लॅस्टिकची, तिच्यात ओल टिकते. स्मरण फारच कमी झालं असेल तर सकाळी दोन लिटरची झारी भरून ठेवा, तेवढंच त्या दिवसाचं पाणी. झारी रिकामी झाली की काम झालं, कोणी कोणाला रागवायला नको. दहा लिटरची झारी म्हणजे दहा किलो, ती घरातच नको. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून ओल बघायची सवय दोघांनीही लावा. कुंडीखालच्या ताटल्यांमधलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून, घासून काढा. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर येऊन उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

चहाचा चोथा धुवून, वाळवून मगच घाला. साखर राहिली की मुंग्या येतात, आणि मुंग्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ही कापसासारखी दिसणारी कीड जपतात. पांढरा कापूस दिसला की साबणाच्या पाण्यात बोळा भिजवून तो पुसून काढायचा, तेही आईचं काम होऊ शकतं. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिली पातळ साबण, संध्याकाळी फवारायचं आणि आठवड्यानं पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. कुठलंही औषध थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नका. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसाच्या घरात हा जिवाशी खेळ आहे.

पूजेची फुलं हा अनेक घरांत बागेचा खरा हेतू. पण पावसाळ्यात पहाटे ओल्या, शेवाळलेल्या गच्चीवर परडी घेऊन जाणं हा पडण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. जास्वंदीच्या उद्या उमलणाऱ्या टपोऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळी खुडून घरात ठेवा, सकाळी त्या आपोआप उमलतात. मोगऱ्याच्या कळ्याही दुपारनंतरच खुडायच्या असतात. जास्वंद छातीच्या उंचीवर छाटून ठेवा आणि गोकर्णाच्या वेलाचा शेंडा खांद्यापाशी खुडत राहा, म्हणजे फुलासाठी टाचा उंचवाव्या लागत नाहीत. शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासा, आणि गच्ची वाळेपर्यंत कोणालाही वर पाठवू नका.

कामाची वेळ सकाळी ऊन चढायच्या आत, एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं. वयानं तहान कमी लागते, म्हणून पाण्याचा पेला शेजारीच ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते. आधी खुर्चीच्या कडेला येऊन दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तर मूठ जाड होते आणि सांधे दुखणाऱ्या बोटांना पकड येते. कात्री स्प्रिंगची घ्या, म्हणजे दर वेळी ती उघडायला जोर लागत नाही.

सुरुवात पाच कुंड्यांपासून करा: एक जास्वंद, एक तगर, एक मोगरा, झेंडू आणि ऑफिस टाइम. नर्सरीत आईला सोबत न्या, रोप तिला निवडू द्या, भाव तिला करू द्या. रोपाच्या पिशवीच्या तळातून मुळं गोल गुंडाळून बाहेर आलेली असतील तर ते रोप जुनं आहे, दुसरं मागा. सहावी कुंडी तिनं मागितली तरच आणा.