फ्रिजवरचं स्टिकर

पूर्व लंडनमधली आमची इमारत काउन्सिलची, म्हणजे पालिकेनं भाड्यानं दिलेल्या घरांची. वरच्या मजल्यावरच्या सोमाली बाई घरीच सांबुसे करून विकतात. धंद्याची परवानगी काउन्सिलकडून लेखी घेतली, खाद्यपदार्थांची नोंदणी 28 दिवस आधी केली. नोंदणीला पैसे पडत नाहीत. मग तपासनीस आला. हात धुवायचा साबण कुठे, कच्चा खिमा कुठल्या कप्प्यात, सगळं पाहून स्वच्छतेचे पाचपैकी पाच देऊन गेला. त्याचं हिरवं-काळं स्टिकर दुकानाच्या काचेवर लावतात. बाईंना दुकानच नाही. त्यांनी ते फ्रिजवर चिकटवलंय.

घरच्या ग्रुपवर हे सांगितलं, तर मामेभाऊ म्हणाला, "तिकडच्या बायका बघ. इकडे फुकट घर दिलं तरी रडगाणं."

रोख मावशीवर होता. घाटकोपरची झोपडी जाऊन तिला एसआरएत, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, अकराव्या मजल्यावर 300 चौरस फूट मिळाले आणि तिचे पापड बंद पडले. खोली चांगली आहे, संडास घरात आहे, ती नावं ठेवत नाही. पण झोपडीबाहेर खाट असायची, खाटेवर जुनी साडी, साडीवर पापड. येणारी-जाणारी तिथंच भाव विचारायची. अकराव्या मजल्यावर कोण विचारणार? खिडकीसमोर दुसऱ्या टॉवरची भिंत, आणि गच्चीला कुलूप.

1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, ते गच्चीवरच. तेव्हा कुलूप असतं तर?

इथे लंडनमध्ये सगळं गोड आहे असंही नाही. सरकारी मदत घेणाऱ्याला नव्या धंद्यासाठी सहसा 12 महिने सूट मिळते. पुढे कमाई होवो न होवो, किमान वेतनाइतकी झालीच असं धरून मदत कापतात. बाईंचा तेरावा महिना चालू आहे, आणि रमजानमधली विक्री तर होऊन गेली. तरी ती वर्षाची सूट आणि फुकट नोंदणी मी डोळे झाकून मुंबईत नेईन.

धारावीच्या पुनर्विकासावरून आमच्या ग्रुपात रोज भांडणं होतात, तीही तिथल्या घराला 350 चौरस फूट पुरतात का एवढ्यावरच. एसआरएच्या नियमात बालवाडी आहे, कल्याण केंद्र आहे. मावशीच्या इमारतीत त्यासाठीच्या खोलीत बिल्डरच्या उरलेल्या लाद्या आहेत.

मामेभावाला लिहिलं, गच्चीची किल्ली अकरा ते चार मिळेल का, सेक्रेटरीला विचारून सांग. निळ्या खुणा आल्यात.