'डूम : द डार्क एजेस'मधली ढाल

राक्षसांवर गोळ्या झाडण्याच्या 'डूम' या व्हिडिओ गेम मालिकेतला 'डूम : द डार्क एजेस' हा खेळ संथ झाला आहे, अशी तक्रार आमच्या ठाण्यातल्या गेमर मंडळींत वारंवार ऐकू येते आणि ती मला मुळीच पटत नाही. याआधीच्या, २०२० च्या 'डूम इटर्नल'मध्ये तग धरायचा तर जमिनीवर पाय ठरू द्यायचा नाही, असाच नियम होता. मे २०२५ मध्ये आलेल्या या भागात तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने हवेतल्या हवेत घ्यायची दुहेरी उडी काढून घेतली आणि स्लेयरच्या, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाच्या, हाती ढाल दिली.

या ढालीमुळे लढाईचा सगळा हिशेबच बदलतो. समोरून गोळ्यांचा पडदा सरकत येतो आणि त्यातले हिरवे गोळे तेवढे ढालीने परतवता येतात. त्यामुळे मार चुकवत पळण्याऐवजी, बाकीच्यांमधून वाट काढत, मुद्दाम त्या हिरव्या गोळ्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहावे लागते, आणि ढाल नेमक्या क्षणी उचलली की तोच गोळा टाकणाऱ्यावर उलटतो. शत्रूच्या धातूच्या ढालीवर गोळ्या झाडत राहिलो की ती तापून लालबुंद होते. मग आपली ढाल फेकली की शत्रूची ढाल काचेसारखी फुटते. इतका जिवंत खेळ संथ कसा म्हणावा?

ड्रॅगनवर बसून खेळायच्या लेव्हल मात्र खरोखर फसल्या आहेत. नेम धरून तरंगत राहायचे, हिरवा मारा आला की बाजूला सरकायचे, मग गोळीबार करायचा. दुसऱ्यांदाच कंटाळा येतो. आधीच्या भागांचा संगीतकार मिक गॉर्डन याच्या संगीताची उणीवही जाणवते.

मला सर्वांत जास्त खटकते ती रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याच्या तंत्राची, सक्ती. १९९३ चा मूळ 'डूम' लोकांनी कॅल्क्युलेटरवरसुद्धा चालवून दाखवला. या भागाला मात्र रे ट्रेसिंगचे आणि किमान ८ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड लागते. जीटीएक्स १०६० या जुन्या ग्राफिक्स कार्डवर 'इटर्नल' सुखाने खेळणारी कितीतरी मुले ऐरोली-घणसोलीत आहेत. नवे कार्ड म्हणजे अनेकांचा महिन्याचा पगार, त्यामुळे ही मालिका ज्यांनी जपली तेच बाहेर राहतात, याचे मनापासून वाईट वाटते.

ज्यांच्याकडे तो चालतो आणि तरीही संथ वाटतो, त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन खेळाचा वेग वाढवावा, पॅरीची, म्हणजे ढालीने मारा परतवण्याची, वेळ कमी करावी आणि मगच पुन्हा मत द्यावे.