घागरी, बैल आणि 'नाद खुळा': सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा चहा पीत वाचली, तेव्हा निम्मी पटली. पटलेल्या निम्म्यापासूनच सुरुवात करते.

इंग्रजी वाक्प्रचार स्पॅनिशमध्ये नेण्यावरचा माझा लेख तुम्ही मेक्सिकोतल्या भाच्याला पाठवलात आणि तो पोट धरून हसला, म्हणता. हसणारच! 'टेक द बुल बाय द हॉर्न्स', म्हणजे बैलाची शिंगंच धरणं, अडचणीला थेट भिडणं, यासाठी मी 'कोखेर एल तोरो पोर लोस क्वेर्नोस' दिलं होतं. स्पेनमध्ये ते बिनधास्त चालतं. तिथं 'कोखेर' म्हणजे साधं पकडणं, घेणं; बससुद्धा लोक 'कोखेर'च करतात. मेक्सिको, अर्जेंटिनात मात्र त्या क्रियापदाचा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही, बैलाच्या जोडीनं तर नाहीच नाही. तिकडं 'तोमार' नाहीतर 'आगार्रार' म्हणायचं. हे मला ठाऊक होतं. लिहिताना डोक्यात स्पेन होता आणि तसं सांगायचं राहून गेलं. चूक माझीच.

दुसरा मुद्दा मात्र मान्य नाही. शब्दाला शब्द लावू नका म्हणणारी बाई 'ब्रेक द आइस'ला 'रोम्पेर एल इएलो', म्हणजे अक्षरशः बर्फ फोडणं, कसं देते, असं तुम्ही विचारलंय. अहो सर, स्पॅनिश माणूस तेच म्हणतो म्हणून देते. शब्दशः नकोच असा माझा नियम नव्हता, तिथला माणूस काय बोलतो ते आधी बघा, एवढंच म्हणणं होतं. कधी चित्र तंतोतंत जुळतं, कधी थोडं सरकतं. इंग्रज दोन पक्षी दगडानं मारतो, आपणही दगडच मारतो, स्पॅनिश माणूस गोळी झाडतो. पक्षी मरतात तेवढेच.

आता तुमचा खरा आक्षेप. 'कुत्र्या-मांजरांच्या पावसाला तुम्ही घागरी दिल्यात, मग मूळ लेखकाचं काय उरलं?' कुत्री-मांजरं म्हणजे इंग्रजीतलं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', आणि घागरी म्हणजे 'युएवे आ कांतारोस', घागरीनं ओतावा तसा पाऊस. पण मला सांगा, जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडतं, सगळं कोल्हापूर धोक्याचे 43 फूट कधी होतात म्हणून फोनला डोळे लावून बसतं, तेव्हा आपण 'मुसळधार' म्हणतो. कुणाच्या डोळ्यांपुढं मुसळ येतं? इंग्रजालाही आभाळातून मांजर पडताना दिसत नाही. झिजून गेलेलं चित्र जपत बसलात तर वाचकाला अनुवाद विचित्र वाटेल, आणि मूळ वाक्य तर विचित्र नव्हतंच.

पण चित्र जिवंत असेल तर तुम्ही बरोबर. इंग्रजीत जुना विनोद आहे: कुत्र्या-मांजरांचा पाऊस पडतोय, कारण मी आत्ताच एका पूडलवर पाय दिला. 'पडल' म्हणजे डबकं आणि 'पूडल' ही कुत्र्याची जात, उच्चारात जेमतेम फरक. इथं घागरी ठेवल्या की पूडल वाऱ्यावर. मी काय करीन? पूडल सोडून देईन आणि घागरीवरच नवा विनोद रचीन: 'धो धो घागरी ओततायत, एक तर माझ्या डोक्यातच पडली.' कुत्रं गेलं, पण हसू राहिलं. तुम्हाला हे पाप वाटेल, मला वाटत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक गोष्ट आलीच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात. कोण कुणाला बोलतंय ही. एका मालिकेच्या संवादांची फाइल माझ्याकडे तपासायला आली होती. त्यात एक विधवा कोरड्या डोळ्यांनी नवऱ्याबद्दल म्हणते, 'ही किक्ड द बकेट'. आधीच्या अनुवादकानं लिहिलेलं 'फायेसियो', म्हणजे निधन झालं. अर्थ बरोबर, बाई मात्र चुकीची. ती 'वारले' म्हणणारी नाही, 'गचकला' म्हणणारी आहे. मी 'एस्तिरो ला पाता' केलं, तंगडी ताणली. 'पाता' हा जनावराचा पाय. माणसाच्या पायाला ते 'पिएर्ना' म्हणतात. त्या एका शब्दात चाळीस वर्षांचा संसार आला.

आणि तुमचा शेवटचा टोमणा, 'कोल्हापुरात बसून स्पॅनिश शिकवता, आधी नाद खुळाचं भाषांतर करून दाखवा.' करते की! एकच शब्द मात्र मागू नका. माद्रिदच्या पोराला 'के ग्वाय' देईन, आणि तुमच्या भाच्याला 'के पाद्रे'. शब्दशः 'काय बाप!'. आपली पोरं गाडी बघून 'एकदम बाप' म्हणतात ना, तसंच. आता कोल्हापूर आणि मेक्सिको एकमेकांना न विचारता एकाच बापापाशी कसे पोचले, देव जाणे. (तिकडं आईवरूनही शब्द आहेत, त्यातले थोडेच कौतुकाचे. भाच्याला म्हणावं, जपून.)

लेखातली बैलाची ओळ आज दुपारी बदलली आहे. मरण्यासाठी मेक्सिकोत 'कोल्गार लोस तेनिस', म्हणजे बूट टांगून ठेवणं, असंही म्हणतात. भाच्याच्या वयाची मुलं अजून ते बोलतात का, तेवढं विचारून कळवा. पुढच्या भागात घालायचं आहे.