फोर्क आदळला ही चूक माझी, पण जाड ऑइल हा उपाय नव्हे

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझा लेख वाचून तुम्ही तुमच्या 2012च्या हिरो इम्पल्स मोटारसायकलच्या फोर्कमधलं, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या नळ्यांमधलं ऑइल घरीच बदललंत आणि पहिल्याच रविवारी इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे, चोरलच्या उतारावर फोर्क धाडकन खाली आदळला. मग मिस्त्रीनं 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल ओतलं, स्प्रिंगवर नाणी ठेवली आणि आदळणं थांबलं. ‘पुस्तकी आकडे घरीच ठेवा,’ असं तुम्ही लिहिलंत. राग रास्त आहे.

ऑइलची पातळी स्प्रिंग बाहेर काढून आणि फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या वरच्या तोंडापासून मोजायची असते. हे वाक्य माझ्या लेखात नव्हतं. तुम्ही स्प्रिंग आत ठेवूनच पट्टी घातलीत. स्प्रिंग बुडालेली असली की ऑइल वर चढतं, माप बरोबर दिसतं आणि ऑइल प्रत्यक्षात कमी पडतं. ती ओळ आज लेखात घातली आहे. उतारावर पुढचं चाक असं आदळणं जिवावर बेतू शकतं, म्हणून मनापासून माफी मागतो.

ऑइल कमी पडल्यानं फोर्क का आदळतो? कारण ऑइलच्या वर कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. 200 मिमी प्रवासाचा, म्हणजे 200 मिमी दबू शकणारा फोर्क धरा. हवेची जागा, म्हणजे नळीच्या तोंडापासून ऑइलपर्यंतचं मोजलेलं अंतर, 150 मिमी ठेवली तर फोर्क पूर्ण दबल्यावर हवा सुमारे सव्वादोन पट दाबली जाते. 110 ठेवली तर पावणेतीन पटीच्या वर. सुरुवातीच्या प्रवासात हा फरक हाताला जेमतेम जाणवतो, शेवटच्या टप्प्यात मात्र फोर्क सावरला जातो. आदळणं थांबवायचा सर्वांत स्वस्त उपाय हाच: 10-10 मिमीनं पातळी वाढवत जायची. फार वाढवली तर ऑइल अडवणारं रबरी सील फुटेल, तेव्हा घाई नको.

आता तुमच्या प्रतिक्रियेतली शेवटची ओळ. महूहून पातालपाणीकडे जाताना ओळीनं खड्डे आले की हँडल हाताला हिसके देतं, आणि त्याचा दोष तुम्ही जुन्या टायरला दिलात. मला तो त्या ऑइलचा वाटतो. तुमच्या फोर्कमध्ये साधा डॅम्पर रॉड, म्हणजे फोर्कची हालचाल मंदावणारी आतली नळी आहे, तिला ठरावीक मापाची भोकं. फोर्क दबताना आणि उघडताना ऑइलला त्यांतूनच वाट काढावी लागते. 20डब्ल्यू-50 हे साध्या 10 नंबरच्या फोर्क ऑइलपेक्षा तीन-चार पट तरी घट्ट. पहिल्या खड्ड्यात फोर्क दबतो, पण पुरता उघडायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा. प्रत्येक वेळी उरलेला प्रवास कमी होत जातो आणि चौथ्या खड्ड्याला जवळजवळ ताठ नळीच हातात येते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यानंतर वाळली की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात. तिथे हा फोर्क तुमचं मनगट खाणार. जानेवारीच्या सकाळी थंडीनं ऑइल घट्ट झालं की तर आणखी.

नाण्यांनी स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीपासून दाबलेली राहते. त्यामुळे बारीक दगडांवरही फोर्क ताठरतो. तुमचं वजन 92 किलो आहे. गाडीवर नेहमीच्या कपड्यांत, बूट घालून बसा आणि कुणाला तरी मोजायला सांगा: चाक उचललेलं असताना आणि तुम्ही बसलेले असताना फोर्कच्या लांबीत पडणारा फरक एकूण प्रवासाच्या 25 ते 30 टक्के यायला हवा. थोडा जास्त येत असेल तर स्प्रिंगवर 10-15 मिमीचा स्पेसर, म्हणजे नळीचा तुकडा, चालेल. त्यानंतरही जास्तच येत असेल तर जास्त कडक स्प्रिंगच हवी, तिथे काटकसर करू नका.

इंजिन ऑइल पूर्ण काढा, 10 नंबरचं फोर्क ऑइल भरा. पण एका कंपनीचं 10 दुसऱ्या कंपनीच्या 15 इतकं घट्ट असू शकतं, म्हणून डब्याच्या माहितीपत्रकात 40 अंश सेल्सिअसवरचा सेंटीस्टोकचा (घट्टपणाच्या एककाचा) आकडा पाहा आणि पुढेही त्याच आकड्याचं घ्या. फोर्क दहा-बारा वेळा हळू वर-खाली करून बुडबुडे जाऊ द्या, मगच मोजा. चाक बसवताना एक्सलचे क्लॅम्प-बोल्ट सैल ठेवून पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, त्यानंतर ते आवळा. नळ्या एकमेकींना घासत असतील तर कुठलंच ऑइल कामाचं नाही.

नळीवर सीलला टेकवून एक केबल टाय घट्ट बांधा आणि चोरलचा तोच उतार पुन्हा उतरा. टाय कुठवर सरकला तो आकडा इथेच लिहा. फोर्क पूर्ण दबण्याच्या 15-20 मिमी आधीच थांबला, तर पातळीला हात लावू नका.