‘पहिल्याच दिवशी का नाही बोलली?’ असं विचारणाऱ्या वाचकास

खाणीतल्या बायकांच्या लैंगिक छळावरच्या ‘नॉर्थ कंट्री’ या सिनेमाबद्दलच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. आपण वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात व्यवस्थापक आहात असं म्हणता, म्हणून सविस्तर लिहिते. पण ‘ताई, भावनेच्या भरात लिहिण्याआधी जरा कायदा वाचत जा’ ही सुरुवात खटकली. इथल्या कारखान्यांमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून वर्षानुवर्षं काम करते आहे. मतभेद खुशाल असू देत, पण ओळखदेख नसताना शिकवणी घेण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

एक मान्य करते. भर कोर्टात एकेक बाई उठून उभी राहते, तो शेवट फिल्मी आहे. ज्या खटल्यावर हा सिनेमा बेतला आहे त्यात खाणीतल्या सगळ्याजणींच्या वतीने एकत्र दावा चालवायची परवानगी १९९१मध्ये न्यायाधीशांच्या आदेशाने मिळाली. ‘परदेशी सिनेमाचं कौतुक’, ‘आजकालच्या मुली’ वगैरे ओळींना उत्तर द्यावंसं वाटत नाही.

आता तुमचं ते वाक्य: ‘एवढा त्रास होता तर पहिल्याच दिवशी तक्रार का नाही केली?’

सिनेमातली नायिका जोसी थेट मालकाकडे जाते, तर तो तिचा राजीनामाच स्वीकारायला तयार बसलेला असतो. जिच्यावरून ती बेतली ती प्रत्यक्षातली लॉइस जेन्सन अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या लोखंडाच्या खाणीत १९७५मध्ये लागली. १९८४मध्ये तिने राज्याच्या मानवाधिकार विभागाकडे तक्रार केली, १९८८मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९८च्या अखेरीस तडजोड झाली. मधल्या काळात या बायकांची खाजगी आयुष्यं, आजारपणाचे कागद, सगळं उकरून काढलं गेलं. कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा १९९६चा नुकसानभरपाईचा अहवाल तर इतका एकतर्फी होता की पुढच्याच वर्षी अपिलात त्यावरचा निकाल फिरवावा लागला. उशिरा का बोलली हे विचारताना, बोलल्यावर तिच्या वाट्याला काय आलं तेही बघा की!

आणि कायदाच वाचायचा तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या आपल्याकडच्या २०१३च्या कायद्याचं कलम ९ वाचा. तक्रारीची मुदत ३ महिने आहे, आणि प्रकार वारंवार घडत असेल तर ती शेवटच्या घटनेपासून मोजतात. कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी ३ महिने वाढवू शकते. कायदा करणाऱ्यांना जे कळलं, ते तुम्हाला का कळू नये?

पहिल्या दिवशी तिच्या हातात असतं काय? तक्रार लेखी हवी, सहा प्रतींत, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. साक्षीदार म्हणजे बहुतेक वेळा त्याच सुपरवायझरच्या हाताखालचा ठेकेदाराचा हेल्पर. तो तोंड उघडत नाही. ती स्वतः ठेक्यावर असेल तर ‘तू आमच्या रोलवर नाहीस’ म्हणून तिला परत पाठवतात. हे साफ चूक आहे, कारण तक्रार करणारी बाई कंपनीची कर्मचारी असलीच पाहिजे अशी अटच कायद्यात नाही. तिला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं काम आहे.

तक्रारीची प्रत कामाच्या ७ दिवसांत समोरच्याकडे जाते. बाहेर जाऊ नये ते तिचं नाव चहाच्या सुट्टीत सगळ्या शेडला माहीत होतं. नाव फोडणाऱ्याकडून ५,००० रुपये वसूल करायची तरतूद आहे, पण ते करतं कोण? मग ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणत बदली होते ती तिचीच. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, तक्रारीतच लिही: चौकशी चालू असेपर्यंत त्याला हलवा, नाहीतर मला रजा द्या. ही रजा ३ महिन्यांपर्यंत मिळू शकते आणि ती तिच्या हक्काच्या रजेतून कापता येत नाही. पण लेखी मागितल्याशिवाय यातलं काहीच मिळत नाही.

राहिला ‘खोट्या तक्रारीं’चा मुद्दा. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरली असं नव्हे. कलम १४मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

तुमच्या कारखान्यात अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावलेला आहे का? कलम १९प्रमाणे तो लावणं मालकाचं कर्तव्य आहे. कॅन्टीनच्या भिंतीवर आहे, की पर्सोनेलच्या कपाटात? समितीच्या अध्यक्षबाई तिथल्याच मॅनेजरला रिपोर्ट करतात का? एवढं बघून या, मग पुढची प्रतिक्रिया लिहा, आणि ती नावानिशी लिहा.