हाडकुळ्याचा नाताळ

डिसेंबरातल्या एका रविवारी रात्री मी जाहीर केलं, "आज सगळ्यांनी मिळून पिक्चर बघायचा." मागणी कुणाचीच नव्हती. "सहा वर्षांच्या पोरीला झोपायच्या वेळी सांगाडे दाखवू नकोस," एवढंच बायको म्हणाली. मी म्हटलं, अगं, गाण्यांचा आहे, सांताक्लॉजही आहे.

१९९३ सालचा 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' मी कॉलेजात असताना पाहिला होता. सिनेमा ७६ मिनिटांचा. आम्हाला लागले अडीच तास, कारण आई.

"हे भुतांचं गाव का रे?"

"हॅलोविनचं. ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागतात."

"आणि हा हाडकुळा?"

"जॅक. म्होरक्या. दरवर्षी तेच करून कंटाळलाय. आता नाताळच आपण करू म्हणतोय."

आईने शेंगा सोलता सोलता निकाल दिला. "श्राद्धाच्या आचाऱ्याने दिवाळीचा फराळ करायला घेतला म्हण की."

याहून नेमकं परीक्षण माझ्या वाचनात नाही. जॅकची गाणी संगीतकार डॅनी एल्फमननेच म्हटली आहेत, बोलण्याचा आवाज दुसऱ्याचा, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे प्लेबॅक. त्यात काय!"

मग मी पोरीकडे वळलो. पॉज करून समजावलं, की ही चित्रं नाहीत, खरोखरच्या बाहुल्या आहेत. सेकंदाला २४ चौकटी, दर वेळी बाहुली केसभर हलवायची, आठवडाभर राबावं तेव्हा मिनिटभर सिनेमा. एकट्या जॅकची चारशेच्या आसपास डोकी केली होती, प्रत्येकावर वेगळा चेहरा.

"ती डोकी आता कुठे आहेत?" तिने विचारलं, आणि पाय सोफ्यावर घेतले.

कॉलेजात मला जॅक हळवा, जगाला न कळलेला कलावंत वाटला होता. या खेपेला तो हुबेहूब साहेब दिसला. फिरून येतो, नवं खूळ आणतो. नाताळ कळावा म्हणून लाल बोरं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, झाडाला टांगायचा गोळा कुटून उकळतो. काही केल्या कळत नाही, तर कामं वाटून मोकळा! मग एका पोराला भेट म्हणून वाळवलेलं मुंडकं, दुसऱ्या घरात साप अख्खं झाड गिळतोय, आणि शेवटी लष्कर तोफा डागून त्याची गाडी आकाशातून खाली पाडतं. सॅली ही चिंध्यांची बाहुली आधीपासून सांगत असते की हे अंगाशी येणार. तो सांताचा डगला तिच्याकडूनच शिवून घेतो.

रात्री दोनला पोरगी किंचाळत आमच्या खोलीत आली आणि आमच्या मधोमध आडवी झोपली. मी काठावर. आवाजाने आई दारात येऊन उभी.

"त्या हाडकुळ्याला आधी सांगणारं कुणी नव्हतं का रे?"

"होती की. सॅली."

"मग?"

"ऐकलं नाही त्याने."

बायकोने अंधारात कूस बदलली आणि उरलेलं पांघरूण आपल्याकडे ओढून घेतलं.