‘आर, एर, इर काढा आणि इआ लावा’? चूक, साफ चूक!

माझा पुतण्या मालवणात स्कूबाच्या बोटीवर काम करतो. क्रूझवर नोकरी मिळावी म्हणून स्पॅनिश शिकतोय. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला: ‘स्पॅनिश संकेतार्थ पाच मिनिटांत’. संकेतार्थ म्हणजे ‘असं असतं तर तसं केलं असतं’ म्हणताना लागणारं क्रियापदाचं रूप. खाली प्रश्न, ‘काका, ह्यां खरां मां?’ जहाजावर जाऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या पोरांमध्ये तो बराच फिरलाय, म्हणून इथे लिहितोय.

पहिला नियम म्हणे, क्रियापदाच्या शेवटचं आर, एर किंवा इर काढायचं आणि इआ जोडायचं. अहो, काहीच काढायचं नसतं! अख्ख्या मूळ रूपाला प्रत्यय लागतो. आब्लार (बोलणे) चं आब्लारिआ, कोमेर (खाणे) चं कोमेरिआ, विविर (राहणे) चं विविरिआ. इआ, इआस, इआ, इआमोस, इआइस, इआन हे प्रत्यय तिन्ही गटांना सारखेच. फॉरवर्डमधलं तेवढं एक बरोबर आहे. ‘आब्लिआ’ असं रूपच स्पॅनिशमध्ये नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला निदान चूक कळेल. एर आणि इर गटांत मात्र तोडून इआ लावलं की बिनचूक रीतिभूतकाळ तयार होतो. ‘विविरिआ एन माद्रिद’ म्हणजे संधी मिळाली तर मी माद्रिदला राहीन. ‘विविआ एन माद्रिद’ म्हणजे मी माद्रिदला राहायचो. मुलाखतीत पोरगा हे बोलला तर समोरचा चूक सुधारणार नाही, कुठल्या भागात राहायचास म्हणून विचारेल. प्रामाणिक पोरगा खोटारडा ठरेल. पाच मिनिटं वाचवायला हे?

दुसरा नियम, ‘जर-तर दोन्हीकडे हेच रूप, मराठीसारखं’. आपण ‘पैसे असते तर घर घेतलं असतं’ म्हणतो, म्हणून हे चटकन पटतं. स्पॅनिशमध्ये ‘सि तुविएरा दिनेरो, कोम्प्रारिआ उना कासा’. ‘सि’च्या बाजूला तुविएरा हे वेगळंच रूप येतं, संकेतार्थ फक्त ‘तर’च्या बाजूला. उत्तर स्पेनमध्ये, बुर्गोस आणि बास्क भागात, लोक ‘सि तेन्द्रिआ’ बोलतात, म्हणजे ‘जर’च्या बाजूलाही संकेतार्थच लावतात, हे खरं. पण स्पॅनिश अकादमीचं 2009 चं मोठं व्याकरण त्याची प्रादेशिक म्हणून नोंद करतं, प्रमाण भाषेत धरत नाही. परीक्षेत आणि मुलाखतीत प्रमाण भाषाच लागते.

‘हे रूप फक्त नम्रपणे बोलायला’ हेही खोटं. ‘दिखो के येगारिआ’ म्हणजे येईन म्हणाला, ‘सेरिआन लास दिएस’ म्हणजे तेव्हा दहा वाजले असावेत. यात नम्रतेचा संबंध कुठे?

सेर आणि इर (असणे, जाणे) अपवादांच्या यादीत टाकलेत. इतर काळांत ही दोन्ही वाकडी चालतात, पण इथे सरळ आहेत: सेरिआ, इरिआ. खरे अपवाद तेनेर, पोदेर, आसेर असे डझनभर, आणि त्यांचंही फक्त मूळ बदलतं, प्रत्यय तेच राहतात.

राहिली प्रत्ययातल्या ‘इ’वरची (í) तिरकी रेघ, जी म्हणे दिली नाही तरी चालते. सहाही रूपांत ती द्यावीच लागते. ‘सेरिआ’वरची रेघ काढली की उच्चार ‘सेर्या’ होतो आणि अर्थ होतो ‘गंभीर’, तोही स्त्रीलिंगी.